एस्तरबाई आणि कुरवंड्याची मरिया

एस्तरबाई चर्चची जुनी रजिस्टरं वाचायच्या तेव्हा ओळीखाली लाकडी पट्टी धरायच्या आणि खालची ओळ दिसू द्यायच्या नाहीत. कोणी वाकून पुढचं वाचायला गेलं, की त्याच पट्टीनं हात बाजूला सारायच्या. "लिहिलंय तेवढंच वाचा. पदरचं घालू नका," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. लोणावळ्याच्या शाळेत आम्ही सत्तावीस वर्षं एकत्र काढली. त्या इंग्रजी शिकवायच्या, मी गणित. निवृत्तीनंतर त्यांनी रजिस्टरं सांभाळायला घेतली, आणि मला घरात बसवेना म्हणून मीही त्यांच्याबरोबर जायला लागले.

बाईंचा नवरा लग्नानंतर चौथ्या वर्षी नोकरीसाठी नागपूरला गेला आणि तिथंच त्यानं दुसरा संसार थाटला. साऱ्या शाळेला ठाऊक होतं. स्टाफरूममध्ये कोणी खोचकपणे विचारलंच, तर बाई म्हणायच्या, "नागपूरला असतात." पुढं एक शब्द नाही. चेहऱ्यावरची माशीही हलायची नाही.

तीन वर्षांपूर्वी अमेरिकेतून एका म्हाताऱ्या बाईंची ईमेल आली. त्या मॉर्मन या तिकडच्या ख्रिस्ती पंथाच्या. त्यांचा खापरपणजोबा आपल्या घाटात रेल्वेच्या कामावर साहेब होता. पुढं तो अमेरिकेला गेला आणि खाऱ्या सरोवराकाठी वसाहत केलेल्या मॉर्मन लोकांत सामील झाला. घरच्या वहीत लिहिलेलं, की त्याची पहिली बायको हिंदुस्थानात पटकीनं वारली. तिचं नाव आणि मृत्यूची तारीख त्यांना हवी होती. त्या पंथात मेलेल्या नवरा-बायकोलाही विधी करून कायमचं एकत्र बांधतात, परलोकातसुद्धा. त्यासाठी ही चौकशी.

लग्नाची नोंद लवकर सापडली. वधू मरिया, राहणार कुरवंडे. मग दफनाची रजिस्टरं सुरू झाली. पटकीच्या सालात ती नव्हती, पुढच्या सालातही नव्हती. आठवा दिवस उजाडला तेव्हा मी पार कंटाळले होते. शेवटी मरिया सापडली ती लग्नानंतर चोवीस वर्षांनी. 'अमक्याची बायको, शिवणकाम करणारी.' म्हणजे साहेब गेला तेव्हा ती चांगली धडधाकट होती, इथंच लोकांचे कपडे शिवत बसली होती.

आम्ही कुरवंड्यालाही जाऊन आलो. देवळापाशी बसलेल्या एका आबांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "आमच्यात कोन बाई सायबासंगं गेलती, असं न्हाई ऐकलं. आन् गेली आसंल, तर परत घेतली नसंल तिला कुनी."

बाईंनी नोंदीचा फोटो ईमेलला जोडला आणि खाली इंग्रजीत लिहिलं, "ती तेव्हा वारली नव्हती. तिला टाकलं होतं. कृपा करून तिला त्याच्याशी बांधू नका."

"पदरचं घातलंत की," मी म्हटलं.

"घातलं," त्या म्हणाल्या आणि पाठवून दिलं.

पंधरा दिवसांनी उत्तर आलं. फार सभ्य होतं. म्हाताऱ्या बाईंना वाईट वाटलं होतं. पण तो विधी त्यांच्या आत्यानं नुसतं 'पहिली पत्नी' लिहून केव्हाच उरकला होता, हे त्यांनाही आत्ताच कळलं होतं. मात्र त्यांच्या श्रद्धेप्रमाणे मृत व्यक्तीला तो नाकारता येतो, असंही त्यांनी लिहिलं होतं. मला वाटलं, एस्तरबाई चिडतील. चिडल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी वेळेवर आल्या आणि पुढचं रजिस्टर पुसायला घेतलं.

गेल्या हिवाळ्यात त्यांचं दुखणं वाढलं. तळेगावच्या दवाखान्यात मी त्यांना विचारलं, नागपूरला कळवू का?

"मेल्यावर नाकारता येतं म्हणे. कोणी बघितलंय? मी जिवंत आहे तोवर सांगून ठेवते. त्यांना कळवू नका. माझ्या मातीला ते नकोत."

चार दिवसांनी त्या गेल्या. मला रडू आलं नाही, अजूनही आलेलं नाही. मी बिल भरलं, पाद्रीसाहेबांशी बोलले, घरी येऊन भात टाकला. जेवले पण.

तेवढ्यात बाईंचा मोबाईल वाजला. तो माझ्याकडेच होता. कुणीतरी कळवलंच होतं. थकलेला आवाज होता, श्वास लागत होता. "मी एस्तरचा मिस्टर बोलतोय. रात्रीच्या गाडीनं निघतो. माती कधी आहे?"

माती दुसऱ्या दिवशी दहा वाजता होती.

"झाली," मी म्हटलं.