शेवटच्या नावाची टिक

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही. तुम्हाला का सांगतेय? — माहीत नाही. ऐका मात्र.

नांदेडला एका शिक्षणसंस्थेच्या ऑफिसात मी वेबसाइटचं काम करते. संस्थेच्या लातूरच्या मुलींच्या वसतिगृहाचे ऑनलाइन प्रवेश — तो सगळा प्रोग्राम माझा. पहिल्या ओळीपासून. आणि शेजारी बसणाऱ्या नितीननं तो साहेबांना स्वतःचा म्हणून दाखवला. हेड झाला. वर सगळ्यांसमोर म्हणाला, "ह्या आमच्या टायपिंगवाल्या मॅडम." सगळे हसले. माझ्या अंगाची नुसती लाही झाली. तेव्हाच ठरवलं, ह्याला तोंडघशी पाडायचं.

एका दुपारी तो लॉगिन तसंच उघडं टाकून चहाला गेला. एकदा लॉगिन केलं की सर्व्हर माणसाला ओळखून ठेवतो — त्याला सेशन म्हणतात. माणूस उठून गेला तरी सर्व्हरच्या लेखी तोच बसलेला. म्हणजे मी जे करीन, ते नितीनच्या नावावर.

केलं काय? अगदी एवढंसं. यादीत वीस मुली, प्रत्येकीच्या नावापुढे एक चौकोन. कागदपत्रं बरोबर असली की क्लार्कबाई त्यात टिक करायच्या. आता रिकामा चौकोन सर्व्हरकडे जातच नाही, टिक केलेले तेवढेच जातात. म्हणून मी प्रत्येक चौकोनाला त्या त्या मुलीचा अर्ज क्रमांक जोडला होता. तो काढून टाकला. सगळ्यांना टिक केली तर काहीच कळत नाही, आणि नितीननं नंतर तपासलं ते तसंच. पण मधली एक जरी रिकामी राहिली, की तिच्याखालच्या टिका एकेक घर वर सरकतात — आणि शेवटची मुलगी कोरी राहते.

वाटलं होतं, कुणीतरी ओरडेल, नितीनची शोभा होईल, संपलं. खरंच एवढंच वाटलं होतं? यादीच्या शेवटी कुणाची तरी मुलगी असणार, हे मला ठाऊक नव्हतं? होतं. चांगलं ठाऊक होतं.

ती हर्षाली निघाली. इस्लापूरकडची. यादी लागली त्या दिवशी तिचे वडील ऑफिसात आले. फायली लातूरला गेलेल्या. क्लार्कबाई म्हणाल्या, कॉम्प्युटरमध्ये अपूर्ण दाखवतंय. मग ते माझ्या टेबलाशी आले.

"ताई, पोरीनं समदी कागदं लावली व्हती, म्या सोत्ता आणून देली. पुन्हा बघा की. हॉस्टेल न्हाई भेटलं तर लातूरला कुठं ठेवू तिला?"

तीन वाजले होते. यादी पाच वाजता कायम होणार होती. लातूरला एक फोन करून फाइल बघायला लावायची, की झालं — दहा मिनिटांचं काम. पण चूक वेळेत सापडली असती तर नितीनला नुसती बोलणी बसली असती. मला त्याची नोकरी घालवायची होती.

मी स्क्रीनकडे बघितल्यासारखं केलं. मी म्हणाले, "काका, अपूर्णच दाखवतंय."

"तुमी म्हंता तर तसंच आसंल," ते म्हणाले आणि गेले.

आठवड्यानं चूक उघडकीला आली. बदल नितीनच्या लॉगिनमधून झालेला. तो शपथा घेत राहिला, मी मान खाली घालून टाइप करत राहिले. त्याला काढलं. मला आनंद झाला — खोटं कशाला बोलू, अजूनही होतो.

हर्षालीची जागा तोवर भरली होती. संस्थेनं प्रकरण दाबलं, तिच्या घरी कुणी काही कळवलं नाही. मीही नाही. यादी लागली त्या दिवशी, माझ्या टेबलाशी येऊन गेल्यावर, तिचे वडील खिडकीबाहेर उभे राहून तिला फोनवर बोलत होते, ते मी ऐकलं होतं. "येवढी शिकली, अन् चार कागदं नीट लावता आली न्हाईत तुला?"