आत्याचं ‘काऽयचं!’

आमच्या आत्याने आयुष्यात कुठलीही बातमी पहिल्या फटक्यात खरी मानली नाही. बातमी चांगली असो की वाईट, हनुवटी वर करून ती म्हणायची, "काऽयचं!" म्हणजे, मी नाही मानत. मग सांगणाऱ्याला सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागायचं.

मला इचोड्याला मास्तरकी मिळाली, तेव्हा मी पेढे घेऊन नार्नूरला तिच्याकडे गेलो.

"आत्या, मास्तर झालो."

"काऽयचं! तुले कोन मास्तर करते? सोताचं नाक पुसता येत नवतं तुले!"

मी पुन्हा सांगितलं. मग तिने शेजारणीला हाक मारली आणि तिच्यासमोर तिसऱ्यांदा सांगायला लावलं. तोवर आत्याचे डोळे भरले होते. आनंद एकदा ऐकून पुरत नाही, म्हणून तिचा तो शब्द होता, हे मला फार उशिरा कळलं. मास्तर असून!

वेचणीच्या दिवसांत तिच्या अंगणात कापूस वाळत घातलेला असायचा. मी सुट्टीत गेलो, की राखण माझ्याकडे. मी खाटेवर पडल्यापडल्याच ओरडायचो, "वाळला, आत्या!"

"काऽयचं!" म्हणत ती यायची आणि मूठभर कापूस गालाला लावायची. "हाताले ओल समजत नाई बापू, गालाले समजते." मग तोच माझ्या गालाला. गार लागायचा. "आता बोल, मास्तर!"

मागच्या वर्षी तिला आदिलाबादच्या दवाखान्यात ठेवलं होतं. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावलं. आता करण्यासारखं काही नाही, घरी न्या, म्हणाले. मी डोळे पुसले, तोंडावर हसू चिकटवलं आणि आत गेलो.

"आत्या, सुट्टी झाली तुझी! वेचणीपर्यंत ठणठणीत होशील."

एवढं धडधडीत खोटं मी जन्मात बोललो नव्हतो. आता ती हनुवटी वर करेल, म्हणून वाट पाहत उभा राहिलो.

तिने मला खुणेने खाली वाकायला लावलं. आपला गाल माझ्या गालाला लावला. बराच वेळ तसाच ठेवला.

"हाव बापू," ती म्हणाली. "होईन ना."

ती वेचणी तिच्याशिवायच झाली. आता घरात मी काहीही सांगितलं, की सगळे "बरं" म्हणतात आणि मोबाइलकडे वळतात. बातमी एका सांगण्यातच संपून जाते.