फळ्याजवळची डावी जागा

शाळेत मला सगळे भोंगा म्हणायचे. खांबावरचा सरकारी भोंगा निदान वीज गेली की गप्प बसतो, ही तेवढंही करत नाही, असं मेंग सरांचं म्हणणं. मेंग सर आम्हाला इंग्रजी शिकवायचे आणि वर्गशिक्षकही तेच. बडबड्या पोरांवर त्यांचा एकच इलाज होता. त्यांच्या टेबलाला चिकटून उजवीकडे एक आणि डावीकडे एक असे दोन सुटे बाक ठेवलेले होते. सगळा वर्ग समोर रांगेत, आणि हे दोघे देवळाच्या दारातले द्वारपाल. खडूची भुकटी, सरांची थुंकी आणि साठ जणांच्या नजरा, सगळं फुकटात. उजवा द्वारपाल मी होते. डावी जागा बरेच दिवस रिकामी होती.

बाकीच्या जागांसाठी मात्र मारामारी असायची. दर महिन्याच्या इंग्रजीच्या परीक्षेनंतर आम्ही दप्तरं छातीशी धरून बाहेर व्हरांड्यात उभे राहायचो. सर क्रमांकाने नावं पुकारायचे. पहिला आत जाऊन हवी ती जागा घ्यायचा, मग दुसरा, मग तिसरा. शेवटच्यांच्या वाट्याला मागच्या भिंतीशी फडकी-बादलीशेजारचा बाक यायचा. एकदा दप्तर ठेवलं की पुढच्या परीक्षेपर्यंत बदल नाही. सरांचा तो नियम म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

अकरावीच्या वसंतात असंच नावं पुकारणं चाललं होतं. फान सुलानचं नाव अगदी वरती आलं. डोंगरातल्या खेड्यातून आलेली, गालांवर वाऱ्याने फुटलेले लाल चट्टे, कुणाशी फारसं न बोलणारी मुलगी. ती आत गेली, मधली तिसरी रांग, जिथे सगळ्यांचा डोळा असतो, ती ओलांडून सरळ पुढे आली आणि माझ्यासमोरच्या डाव्या द्वारपालाच्या बाकावर तिने दप्तर ठेवलं. व्हरांडा खो खो हसला.

"सरांची पूजा करायला बसलीय," कुणीतरी म्हणालं.

"पूजेला घंटा लागेल, भोंग्या, तू वाजव!" दुसरा ओरडला.

मलाही ती शिष्टच वाटली. कारण बसल्या बसल्या ती सरांच्या तोंडाकडे अशी बघायची, की सरांच्या दातात काही अडकलंय का हे मीही बघायला लागले. अभ्यासाला मात्र तोड नव्हती. इंग्रजी शब्दांचं छोटं पुस्तक आमच्या सगळ्यांच्याच हातात असायचं, नळावर, जेवणाच्या रांगेत, संडासाच्या रांगेतसुद्धा. त्यातला पहिलाच शब्द 'सोडून देणे' या अर्थाचा. आम्ही दर महिन्याला नव्या जोमाने तिथून सुरुवात करायचो आणि आज्ञाधारकपणे सोडून द्यायचो. सुलान शेवटच्या पानापर्यंत गेलेली होती. व्याकरणाच्या गाळलेल्या जागा ती चहा ओतावा तशा भरायची. उताऱ्यांतली गोऱ्या लोकांची हरवलेली कुत्री आम्हाला कधी सापडायची नाहीत, तिला पहिल्या वाचनात सापडायची.

मग ते धुळीचं वादळ आलं. आमच्या पिवळ्या डोंगरांत ते दर वसंतात येतं. दुपारी खिडक्या पिवळ्या झाल्या, सगळ्यांनी कापडी मुखपट्ट्या बांधल्या, सरांनीही. आणि त्या मुखपट्टीतूनच सरांनी शब्द सांगायला सुरुवात केली: ते चिनीत अर्थ सांगणार, आम्ही इंग्रजी शब्द लिहायचा. मी चार लिहिले, दोन चुकवले. समोर बघते तर सुलान पेन धरून सरांच्या मुखपट्टीकडे बघत बसलेली. कागद कोरा. तिचे कान लाल झाले होते.

सरांनी तो कागद उचलला. "इतका माज? सोपे शब्द लिहायला लाज वाटते? उभी राहा."

ती हलली नाही. सर पुन्हा ओरडले. मी हाताने खूण केली, ऊठ. तेव्हा उठली.

तेव्हा माझ्या डोक्यात एकेक गोष्ट जुळायला लागली. मी रोज सरांच्या पाठीमागून हिला विनोद सांगत होते. माझ्याकडे बघत असली तर हसायची, पुस्तकात डोकं असलं की मख्ख. मला वाटायचं, हिला माझी किंमत नाही.

तास संपल्यावर मी तिला गरम पाण्याच्या खोलीमागे गाठलं, मुखपट्टी काढली आणि नीट तिच्या तोंडासमोर उभी राहिले. "तुला ऐकू येत नाही."

ती पांढरीफटक पडली. आधी मागे कुणी आहे का ते बघितलं. "उजव्याने थोडं येतं," ती म्हणाली. "डावा गेलेलाच आहे. लहानपणी ताप आला होता, इंजेक्शनं दिली, तेव्हापासून. तोंड दिसलं की मला सगळं कळतं."

"मग सरांना सांग ना, बाई!"

"आई म्हणते, कळलं तर बहिऱ्यांच्या शाळेत पाठवतील. लानचौ शहरात. तिथे मालीश शिकवतात नाहीतर शिवण. एकदा शिक्का बसला की जन्माचा." तिने माझं मनगट धरलं. "होंगयेन, तू कुणाला सांगणार नाहीस."

अख्ख्या शाळेत गुपित सांगायला हिला मीच मिळाले! मी म्हटलं, सांगणार नाही. तिला ते खरं वाटलं नसावं. मलाही वाटलं नव्हतं.

तोवर महिन्याच्या इंग्रजीच्या परीक्षेत व्याकरण, शब्द आणि वाचन एवढंच असे. बारावी सुरू झाली आणि श्रवणाचा भाग आला. फळ्याच्या वर भिंतीत एक खोका होता, त्यातून दोन गोरी माणसं घरघरत बोलायची आणि आपण उत्तरं निवडायची. खोक्याला ओठ नसतात. सुलान आधी प्रश्न वाचायची आणि मग अंदाजाने खुणा करायची. पहिल्याच परीक्षेत ती पहिल्या दहांतून घसरली, पुढच्या परीक्षेत आणखी खाली. वर्गात पाठीमागे कुजबुज सुरू झाली की फान सुलानचं डोकं संपलं. तरी डावी जागा शाबूत होती. ती कुणाला नकोच होती, हेच तिचं नशीब.

आम्ही एक उद्योग सुरू केला. माझ्याकडे चुलतभावाचं जुनं टेपयंत्र होतं, एकच वाक्य पुन्हा पुन्हा वाजवणारं. दुपारी जेवण आटोपून गरम पाण्याच्या खोलीमागे भिंतीला पाठ लावून बसायचो. मी यंत्र कानाला लावायची, वाक्य ऐकायची आणि तिच्याकडे तोंड करून तसंच म्हणायची. ती ओठ बघून लिहून काढायची, मग उजवा कान यंत्राला लावून तेच सूर पकडायला बघायची.

"हा तर स्टेशनावरच तिकीट काढतोय," ती म्हणायची. "मागच्या वेळी पण स्टेशनच होतं."

"गोऱ्यांना दुसरं काम नाही. गाडी चुकवायची, सदऱ्याची किंमत विचारायची आणि पाऊस येईल का म्हणायचं."

ती हसायची, मग लगेच गंभीर. "पुन्हा म्हण. शेवटचा भाग गिळलास."

मेहनताना म्हणून ती माझं व्याकरण तपासायची. माझी काळांची खिचडी बघून तिला भोवळ यायची. पण वाफवलेला पाव मिरचीच्या तेलात बुडवून खात खात ती तेच पुन्हा समजवायची, आणि न चिडता. मी असते तर थोबाडीत दिली असती.

थंडीत बातमी आली की वरून तपासणीला साहेब येणार. मेंग सरांनी वर्ग धुऊन घेतला, भिंतीवर घोषवाक्यं लावली आणि टेबलाशेजारचे ते दोन बाक उचलून गोदामात पाठवले. "साहेबांना हे बरं दिसणार नाही," ते म्हणाले. "आता सगळे रांगेत."

मला खरं तर नाचायला हवं होतं. पण मी सुलानकडे बघितलं. तिने सरांच्या ओठांवरून ते वाचलेलं होतं. सर फळ्याकडे तोंड करून शिकवायचे. टेबलाशेजारी बसलं की बाजूने तरी तोंड दिसे. पहिल्या रांगेतून मुश्किलीने दिसलं असतं. मागून फक्त पाठ. आणि पहिली रांग आमच्याकडे लवकर भरायची, कारण वर्गात चष्मा नसलेला माणूस शोधावा लागे. मागे बसली तर आणखी घसरणार, आणि बारावीअखेरच्या मोठ्या परीक्षेत कॉलेज हुकणार.

"आता तरी सांग," मी म्हटलं.

"नाही."

"अगं, मग काय करणार?"

"क्रमांक वर आणीन."

आणला नाही. निकालानंतर आम्ही व्हरांड्यात उभे राहिलो, तेव्हा नळाखालच्या बादलीत बर्फ होता आणि सगळ्यांच्या तोंडातून वाफ निघत होती. सर दारात यादी घेऊन. सुलान माझ्या शेजारी, खिडकीतून पहिल्या रांगेकडे टक लावून. नाव पुकारलं की दप्तर आत जायचं, एक बाक भरायचा. तिला नावं ऐकू येत नव्हती, पण बाक भरताना दिसत होते. पहिल्या रांगेत चार जागा उरल्या. मग तीन. एक चष्मेवाला खिडकीकडे वळला तेव्हा तिने श्वास सोडला. मग दोघं पाठोपाठ पुढे जाऊन बसले. डाव्या कडेची एकच जागा राहिली.

"निऊ होंगयेन," सर म्हणाले.

मला वाटलं मस्करी आहे. माझं नाव नेहमी बादलीच्या वेळी यायचं. सरांनाही नवल वाटलं असावं. "श्रवणात जवळजवळ पैकीच्या पैकी," ते यादीकडे बघत म्हणाले. "भोंग्याला कानही आहेत म्हणायचे."

आणि मला कळलं. तिच्यासाठी रोज दुपारी बोलून बोलून मी तिच्याच पुढे गेले होते. इतकी लाज मला आयुष्यात वाटली नाही. माझ्या मागे जाड चष्म्याचा पंग हाव उभा होता आणि त्याचा डोळा त्याच जागेवर होता. त्याच्या आधी ती सुलानसाठी अडवायला मी धावले. डाव्या कडेच्या बाकावर दप्तर आपटलं आणि बसले.

"अगं ए, तुला कशाला पुढे?" पंग दारातून ओरडला. "तुला तर घारीची नजर आहे!"

"माझी मर्जी!"

तो शिव्या पुटपुटत दुसऱ्या रांगेत बसला. पुढचं नाव सुलानचं; ते तिने सरांच्या ओठांवर वाचलं.

ती दारात आली. नियम तिलाही ठाऊक होता: ठेवलेलं दप्तर हलत नाही. हलवायचं तर कारण लागेल, आणि कारण एकच होतं. ते मी सांगू शकत होते. माझ्या जिभेवर आलं होतं. जन्मभर नको तिथे बोलले आणि आता एका वाक्याने सगळं झालं असतं. पण ते वाक्य माझं नव्हतं. मी दात आवळले, इतके की जबडा दुखला.

"फान सुलान, लवकर," सर यादीत बघत म्हणाले. "मागे जागा आहेत."

ती हलली नाही. तिने माझ्याकडे बघितलं, माझ्या तोंडाकडे. मी आवाज न काढता नुसते ओठ हलवले: बोल.

ती पुढे आली, माझ्या बाकापाशी थांबली आणि बोलली. आपला आवाज किती मोठा आहे हे तिला कळायचं नाही, म्हणून ती कायम हळू बोलायची. त्या दिवशी ते भान सुटलं. अख्ख्या मजल्याला ऐकू गेलं.

"मला ऐकू येत नाही! मला ही जागा हवी!"

व्हरांड्यातले उरलेले दप्तरांसकट दाराशी गोळा झाले. सर हातातल्या यादीकडेच बघत राहिले. खाली मान घालून त्यांनी विचारलं, "कधीपासून?"

ती गप्प. मी नखं तळहातात रुतवली. सरांनी थोड्या रागानेच मान वर केली, तिची नजर आपल्या ओठांवर खिळलेली बघितली, आणि त्यांचा चेहरा उतरला. ते तिच्यासमोर आले, थोडे वाकले.

"कधीपासून?" त्यांनी पुन्हा विचारलं, सावकाश.

"पाच वर्षांची होते."

सरांना बहुधा तो कोरा कागद आठवला. त्यांनी यादी खिशात घातली. मग माझ्याकडे वळले. "निऊ होंगयेन, ऊठ. दप्तर उचल."

मी उचललं आणि बादलीशेजारी जाऊन बसले. नियम मोडला म्हणून कुणी ब्र काढला नाही, पंगनेसुद्धा.

चार दिवसांनी तिची आई डोंगरातून आली, बटाट्यांची पिशवी घेऊन आणि डोळे सुजवून. व्हरांड्यात मला बघताच तिने माझा दंड धरला. "तूच ती भोंगा ना? तूच बोंबाबोंब केलीस!"

"हिने नाही, आई," सुलान म्हणाली. "मी केली."

लानचौला कुणी पाठवलं नाही. सरांनी त्या बाईला शेगडीजवळ बसवलं आणि स्वतः दवाखान्याच्या, कचेरीच्या खेपा घातल्या. ऐकू येत नसल्याचा दाखला मिळाला. मोठ्या परीक्षेत तिला श्रवणाचा भाग माफ झाला. बाकीच्या प्रश्नांच्या गुणांवरून त्या भागाचे गुण धरणार होते. आणि सर फळ्याकडे तोंड करून बोलायचे बंद झाले. कधी विसरले तर पुढून सुलान बाकावर टकटक करायची, आणि ते एवढे कडक मेंग सर शाळकरी पोरासारखे गर्रकन वळायचे.

आज ती लानचौलाच असते, पण मालीश करायला नव्हे. औषधांच्या कारखान्यात परदेशी कागदांचं भाषांतर करते. माझं इथे बसस्थानकासमोर केस कापायचं दुकान आहे. बोलायला गिऱ्हाईक बांधलेलं मिळतं.

मोठ्या परीक्षेत श्रवणाच्या वेळी आमचं अख्खं गाव गप्प होतं. बसचे भोंगे बंद, बांधकामं बंद, शाळेजवळचा लोहारसुद्धा हातोडा खाली ठेवून बसतो. आमच्या परीक्षेला मी दुसऱ्या खोलीत होते. पेपर संपल्यावर फाटकाशी ती भेटली तेव्हा मी विचारलं, "सगळे ऐकत होते तेव्हा तू काय केलंस?"

"नुसती बसले होते. इकडेतिकडे बघायला मनाई, पण समोर काच होती, तिच्यात मागचे सगळे दिसत होते." ती जरा थांबली. "सगळ्यांच्या माना पुढे, कपाळाला आठ्या, एक शब्द निसटला तर मरू असे चेहरे. होंगयेन, मी रोज अशीच दिसते का गं?"

मी भोंगा. पण आवाज न काढता नुसते ओठ हलवले: हो.