साडेबाराची फाईल

आजचा रुपया उद्याच्या रुपयापेक्षा मोठा असतो. हे वाक्य कुणी माझ्यासमोर उच्चारलं तरी माझं डोकं फिरतं. आयुष्यभर मी याच वाक्यावर पगार घेतला, ऑफिसात नव्याने लागलेल्या पोरांना ते शिकवलंही, तरी फिरतं. आमच्या प्राध्यापकांनी ते पहिल्याच तासाला फळ्यावर लिहिलं आणि खाली दोन रेघा ओढल्या. मीही वहीत दोन रेघा ओढल्या. आमच्या घराचा सत्यानाश त्या दोन रेघांनी केला, असं मी बरीच वर्षं मनाशी म्हणत आले. रेघांचा काय दोष, ओढणारीची अक्कल कुठे गेली होती, हे म्हणायला मला फार उशीर लागला.

साल त्र्याण्णव. नवी मुंबईतलं कॉलेज, व्यवस्थापनाचा विद्यापीठाचा दोन वर्षांचा कोर्स, विषय फायनान्स. आमच्या आगरी गावातून पदवीच्या पुढे गेलेली मी पहिली मुलगी. कॉलेज घरापासून चालत वीस मिनिटांवर होतं, कारण ते आमच्याच शेतावर बांधलेलं होतं. प्रवेशाच्या दिवशी बाबा बरोबर आले. ते रबाळ्याच्या एका कारखान्यात हेल्पर होते, त्यांनी अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकली होती. फी भरून झाल्यावर ते स्कूटर लावायच्या जागेत गेले, पावलं मोजत कंपाउंडच्या भिंतीपाशी पोचले आणि म्हणाले, "इथं आपली उघाडी व्हती. भरतीचं पानी इथं अडवायचो." उघाडी म्हणजे खाडीचं खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून बांधाला ठेवलेलं लाकडी दार. तेवढ्यात वॉचमन आला. "ओ मामा, इथे उभं राहायचं नाही." बाबा निमूट बाजूला झाले. मला वॉचमनचा राग आला, आणि त्याहून जास्त बाबांचा.

सरकारने नवं शहर वसवायला आमची भातशेती घेतली तेव्हा मी जेमतेम चालायला लागले होते. तेव्हा दिलेला भाव सांगायची सुद्धा लाज वाटते. पुढे मोर्चे निघाले, माणसांनी मार खाल्ला, आणि मग ठरलं की घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के इतका प्लॉट मूळ मालकाला परत द्यायचा. कुठे देणार, कधी देणार, ते कोणी सांगेना. हातात नुसती अर्जाची फाईल. गावात त्या हक्कालाच 'साडेबाराची फाईल' म्हणायचे. आमची फाईल आईच्या लुगड्यांच्या पेटीत असायची, डांबराच्या गोळ्यांच्या वासात. जमीन म्हणून आमच्याकडे जे काही उरलं होतं ते तेवढंच.

बिल्डरांची माणसं मोटारसायकलवरून गावात फिरायची. प्लॉट मिळायच्या आधीच फाईल विकत घ्यायची, कुलमुखत्यारपत्रावर सही घ्यायची आणि पुढची सगळी धावपळ आपण करायची, असा त्यांचा धंदा. अर्ध्या गावाने फायली विकल्या. कुणी जीप घेतली, कुणी घरावर मजला चढवला. बाबांनी मात्र तीन एजंट परत पाठवले होते. "माती हाय. सरनार नाय. येल तेवा येल," एवढंच बोलायचे.

चौथा एजंट एका रविवारी दुपारी आला. पहिल्या सहामाहीच्या परीक्षेला आठवडा होता आणि मी आतल्या खोलीत वर्तमान मूल्याची गणितं सोडवत होते. पुढे मिळणाऱ्या रकमेची आजची किंमत किती, ती काढायची ही गणितं. एजंट गोड बोलणारा होता. भावाचं लग्न ठरलंय हे त्याला आधीच माहीत होतं. त्याने मोठा आकडा सांगितला. बाबा उठले, दारात आले आणि मला म्हणाले, "बाय, जरा भायेर ये. यो काय बोलतं ते मना समजत नाय. तू तेच शिकतंस ना?"

मी बाहेर गेले. हातात ते जाडजूड इंग्रजी पुस्तक मुद्दाम नेलं. एजंटने माझ्याकडे बघून हात जोडले, 'मॅडम' म्हणाला. मला आयुष्यात पहिल्यांदा कोणी मॅडम म्हणालं होतं. अर्ध्या हळकुंडाने पिवळी झालेली मी, खुर्ची ओढून बसले. प्लॉट कधी मिळेल, विचारलं. तो म्हणाला, "सरकारी काम आहे मॅडम, दहा वर्षं धरून चाला." आज तिथे भाव काय, विचारलं. त्याने भाव सांगितला. मी दोन्ही आकडे कागदावर उतरवले, पुस्तकाच्या शेवटचं कोष्टक उघडलं, बँकेचा व्याजदर धरला, भागाकार केला. दहा वर्षांनी मिळणाऱ्या त्या प्लॉटची आजची किंमत एजंटच्या रकमेपेक्षा बरीच कमी आली. उत्तराखाली मी दोन रेघा ओढल्या.

"बाबा, आजचा रुपया उद्याच्या रुपयापेक्षा मोठा असतो," मी म्हणाले. "द्या विकून."

बाबा कागदाकडे बघत राहिले. त्यांना त्यातलं काही कळत नव्हतं, पण तो कागद त्यांनी किती जपून धरला होता. "बग हा. एकदाच इकली की गेली," ते म्हणाले. मी चिडले. म्हणाले, "मग मला कशाला शिकवताय?" त्या आठवड्यात त्यांनी सही केली.

माझी चूक काय होती, हे आज पहिल्या वर्षाचं पोरही सांगेल. दहा वर्षांनी त्या जमिनीचा भाव आजच्याइतकाच राहील, असं मी धरलं होतं. शेजारी शहर उभं राहत होतं, वाशीला रेल्वे आली होती, खिडकीतून क्रेन दिसत होती, आणि मी भाव जागेवर उभा धरला! वर तो भाव घेतला कोणाकडून, तर विकत घेणाऱ्याकडून. बाजारात वांगी घेताना माझी आई अशी चूक करणार नाही. पुस्तकातल्या गणितात सगळे आकडे दिलेले असतात. ते कोणी दिले, हे विचारायचं असतं, असं आम्हाला त्या कॉलेजात कुणी सांगितलं नाही, आणि मलाही सुचलं नाही.

माघात भावाचं लग्न झालं. हळद आमच्याकडे जशी व्हायची तशीच झाली. मांडव, बेंजो, मटणाची पातेली, सगळं गाव. गावाने आदल्या महिन्यातली सही पाहिली होती, आता मांडव पाहिला, आणि दोन्ही गोष्टी परस्पर जोडून टाकल्या. म्हाताऱ्याने पोराच्या हळदीसाठी फाईल विकली. खरं तर त्या पैशातला थोडाच भाग लग्नाला लागला, बाकी बँकेत होता. पण हे लोकांना कोण सांगणार? बाबा तर अजिबात सांगणार नव्हते.

दुसऱ्या वर्षी कॉलेजात नोकरीच्या मुलाखतींची तयारी सुरू झाली. आठ जणांना गोल बसवायचे, एक विषय द्यायचे आणि इंग्रजीत भांडायला लावायचे. एकदा विषय निघाला जमिनी गेलेल्या लोकांचा. चेंबूरहून येणारा एक मुलगा म्हणाला, या गाववाल्यांना लाखो मिळतात आणि हे लोक ते हळदीत उडवतात. सगळे हसले. मी कुठली आहे हे तिथे कुणाला ठाऊक नव्हतं. बोलताना 'ण'चा 'न' होऊ नये म्हणून मी पहिल्या दिवसापासून जीभ मुठीत धरून बोलत होते. त्या दिवशी मी त्याच्या कानाखाली वाजवायला हवी होती. त्याऐवजी मी म्हणाले की बरोबर आहे, या लोकांना आर्थिक शिक्षणाची गरज आहे. सरांनी मला दहापैकी नऊ दिले. त्या नवाची मला आजही शिसारी येते.

शेवटच्या सहामाहीला प्रोजेक्ट असायचं. मला ते वाशीतल्या एका छोट्या वित्त कंपनीत मिळालं. बिल्डरांना कर्ज द्यायचं की नाही, हे ठरवायला त्यांच्या प्रकल्पाचा हिशेब मांडायचा, हे काम. काम चांगलं झालं तर तिथेच नोकरी, असं साहेबांनी सांगून ठेवलं होतं. तिसऱ्या आठवड्यात त्यांनी एक जाड फाईल माझ्या टेबलावर टाकली. सात मजली इमारत, खाली दुकानं. मी संगणकावर रकाने भरत गेले. जमिनीची आजची किंमत, बांधकामाचा खर्च, विक्री. मग जमिनीच्या मालकीचे कागद लावायला घेतले आणि कुलमुखत्यारपत्राची प्रत हाताला लागली.

खाली बाबांची सही होती. बाबा सही फार सावकाश करायचे आणि शेवटच्या अक्षरावरची रेघ कागदाच्या कडेपर्यंत ओढायचे. ती रेघ मी ओळखली, नाव नंतर वाचलं.

प्लॉट मिळायला दहा वर्षं लागली नव्हती. सव्वा वर्षात मिळाला होता, तोही रस्त्याला लागून. स्क्रीनवर मीच भरलेली जमिनीची किंमत होती. बाबांना मिळालेल्या रकमेने मी तिला भागलं. अकरा पट. पुन्हा भागलं. अकराच. मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि भिंतीवर हात आपटले. नंतर बाहेर येऊन उरलेले रकाने भरले.

संध्याकाळी साहेबांनी कागद पाहिले. "बढिया," ते म्हणाले. "एकही आकडा चुकलेला नाही. पार्टी हुशार आहे हं, गाववाल्याकडून मातीमोल उचललीय. अशी संधी ओळखता आली पाहिजे." आणि त्यांनी मला नोकरी दिली. मी ती घेतली. हो, घेतली. थुंकून निघून आले असं लिहायला मला फार आवडलं असतं.

घरी आले तेव्हा बाबा कारखान्यातून येऊन ओट्यावर चहा पीत होते. मी उभ्या उभ्याच सगळं ओकले. प्लॉट, इमारत, अकरा पट, मिळालेली नोकरी, एजंट हरामखोर, प्राध्यापक बिनडोक, सरकार चोर. बाबांनी ऐकून घेतलं आणि चहा संपवला.

"मी सांगितलं म्हणून तुम्ही विकली," मी शेवटी म्हणाले.

"तुज्यामुलं नाय. मना पन पैशे पायजे व्हते." त्यांना खोटं बोलता यायचं नाही. बोलताना ते बशीकडे बघत होते.

"मी काकांना सांगते. सगळ्यांना सांगते. लोक तुम्हाला काय काय बोलतात!"

तेव्हा मात्र त्यांचा आवाज चढला. "कोनाला बोलू नको! लोकांना वाटतंय हलदीसाठी इकली, वाटू दे. माज्या नावाला काय व्हतंय? तुजी आता कुठं नोकरी लागली हाय. हिसाबाची नोकरी. पोरीचा हिसाब चुकला म्हनून गावाला कललं तर?"

मी त्यांच्यावर इतकी ओरडले की आई आतून धावत आली. पण मी काकांकडे गेले नाही. दुसऱ्या दिवशीही गेले नाही. नोकरी होती, मग बढती होती, मग लग्न होतं. काकांनी, म्हणजे बाबांच्या धाकट्या भावाने, आपली फाईल विकली नव्हती. त्यांच्या प्लॉटवर चार मजले उभे राहिले आणि ते भाडं खाऊ लागले. गावात कुठेही हळद असली की कोणीतरी बाबांची खेचायचं, "काय मग, मटान जमिनीच्या भावाचं हाय ना?" बाबा हसायचे. मी पाहुण्यांत बसलेली असायचे, चांगली साडी नेसून, मोठ्या कंपनीतली. मी पापड मोडत राहायचे.

बाबा गेले त्याच्या दहाव्या दिवशी, पिंडाला कावळा शिवल्यावर, सगळे मंडपात बसले होते. काका डोळे पुसत म्हणाले, "मानूस सोन्याचा व्हता. पन हलदीन जमीन घालवली, तेवरंच चुकला."

मी उभी राहिले. म्हणाले, त्यांनी घालवली नाही, मी घालवली. त्या रविवारची दुपार, एजंट, माझं पुस्तक, माझा भागाकार, सगळं सांगितलं. तारस्वरात सांगितलं, शिव्या देऊन सांगितलं. इतक्या वर्षांनी पहिल्यांदाच माझ्या तोंडून आमची बोली सुटली होती. 

मग काकांनी उठून माझ्या डोक्यावर हात ठेवला. शेजारच्यांना म्हणाले, "लेक बापासची चूक सोताच्या अंगावर घेतंय. अशी पोर पायजे." कडेच्या बायकांनी डोळ्यांना पदर लावले. कोणीतरी मला पाणी आणून दिलं. "येवरी शिकलेली," काका म्हणाले, "हिचा हिसाब चुकल काय?"