मला न दिसलेले ठिपके

माझे डोळे चांगले आहेत, असं मी नाही, सगळा कारखाना म्हणायचा. मावळात नवलाख उंबरे गावाच्या बाजूला आमचा कारखाना. तिथे मोटारींच्या दारांच्या काचा तयार व्हायच्या आणि मी तपासणीच्या टेबलावर होते. काच ट्यूबलाइटसमोर तिरकी धरायची, ओरखडा, बुडबुडा, काठाचा टवका बघायचा, आणि वाईट निघाली तर पिवळ्या खडूने फुली मारायची. माझी फुली पडली की कोणी वाद घालत नसे. त्याचा मला थोडा माज होता, खोटं कशाला बोलू?

भट्टीवर सुदुंबऱ्याचे एक वयस्कर कामगार होते. सगळे त्यांना भाऊ म्हणायचे. काच मऊ पडायच्या बेताला आणायची आणि बाहेर आल्याबरोबर ओळीने लावलेल्या नळ्यांतून तिच्यावर वाऱ्याचे झोत सोडायचे, म्हणजे ती कडक होते आणि पुढे कधी फुटलीच तर तिचे बारीक बोथट दाणे होतात, हे मला त्यांनीच शिकवलं. रोज पाळी सुरू झाली की पहिली काच ते स्वतः माझ्या टेबलावर आणून ठेवायचे. "बघ गं लेकी," म्हणायचे आणि मागे न बघता निघून जायचे. काच बरी असली की मी टेबलावर दोनदा टकटक करायची, मग ते पुढचा माल सोडायचे. हे कुठल्या नियमात लिहिलेलं नव्हतं, पण एक दिवस चुकलं नाही.

त्या वर्षी मावळात डोळ्यांची साथ होती. घरटी एक तरी माणूस लाल डोळ्यांचं. एका शनिवारी मोटार कंपनीचे साहेब माल बघायला आले ते काळा गॉगल लावूनच. डोळे आले की गॉगल लावायचा, म्हणजे नजरेतून दुसऱ्याला लागण होत नाही, ही आपल्याकडची समजूत. शिकले-सवरलेलेही ती पाळतात. त्यामुळे साहेबांनी गॉगल काढावा असं कोणाच्या मनातही आलं नाही. उलट सगळे दोन हात लांब उभे राहून, मान खाली घालून बोलत होते.

काचा मोकळ्या आवारात लोखंडी चौकटींच्या घोड्यांवर उभ्या केल्या होत्या. साहेब पहिल्या काचेपाशी थांबले. त्यांनी मान तिरकी केली, पुन्हा सरळ केली.

"हे ठिपके कसले?"

ते पुढच्या काचेकडे सरकले. "ओळीने ठिपके आहेत. इथेही. या काचेवरही. सगळ्या मालावर आहेत. तुमची भट्टी बिघडली आहे की माणूस?"

आमचे मॅनेजर वाकून बघायला लागले. "हो साहेब, आहेत खरे," ते म्हणाले. सुपरवायझरनेही री ओढली. मग मॅनेजरनी मला पुढे बोलावलं. "या आमच्या तपासणीच्या बाई. यांच्या नजरेतून काही सुटत नाही. बाई, दिसतात ना?"

मी काच बघितली. काच स्वच्छ होती. पलीकडचं कुंपण, त्यावर वाळत घातलेले हातमोजे, सगळं आरपार दिसत होतं. पण कायम होणाऱ्यांची यादी त्याच महिन्यात लागायची होती आणि तीत माझं नाव आहे, असं मॅनेजरनीच मला सांगितलं होतं. सगळ्यांना दिसतंय आणि मला एकटीला दिसत नाही, असं कसं म्हणू? मी म्हणाले, "हो साहेब."

भाऊ शेडच्या दारात उभे होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग काचेकडे, आणि आत निघून गेले.

साहेब सोमवारी दहा वाजता लेखी नापसंती घेऊन येणार होते. भाऊ ठेकेदाराचे माणूस. सोमवारी साहेबांचा कागद हातात पडला की त्यांचं गेट बंद, असं मॅनेजरनी संध्याकाळी सगळ्यांसमोर सांगून टाकलं. भाऊ डबा उचलून बसकडे चालू लागले. मी मुद्दाम मागच्या दाराने चढले.

रविवारी मी बहिणीकडे गेले. ती लोहगडवाडीला दिलेली आहे. गडावर येणाऱ्यांसाठी सरबत, भजी, टोप्या आणि गॉगल विकते. मी भजी तळत होते, पण लक्ष कुठे होतं? दोन घाणे जाळले. बहीण ओरडली, "अगं, त्वांड कशाला पाडलंस येवढं? जा, गॉगलवर बस."

एक पुण्याचा मुलगा गॉगल बघत होता. हा महाग आणि तो स्वस्त का, म्हणून हुज्जत घालत होता. बहिणीने नेहमीप्रमाणे टपरीला टांगलेलं एक कार्ड पुढे केलं. "ह्यात काय दिसतंय?" तो म्हणाला, काही नाही. "आता ह्यो घालून बघ." त्याने महागातला, चकाकी अडवणारा पोलराइज्ड गॉगल घातला आणि म्हणाला, "अरे, मासा!"

ते कार्ड मी हजारदा बघितलं होतं. त्या दिवशी मात्र मला साहेबांचा गॉगल आठवला. त्याच जातीचा दुसरा गॉगल उचलून मी तशीच पार्किंगकडे पळाले. पहिली गाडी बघितली, मागच्या काचेवर ठिपके. दारांच्या काचांवर ठिपके. दुसऱ्या गाडीवर, तिसऱ्या गाडीवर, जीपवर, सगळीकडे. ओळीने, सारख्या अंतरावर, भट्टीपुढच्या नळ्यांसारखे. वारा जिथे लागतो तिथल्याच त्या खुणा होत्या, कडक केलेल्या प्रत्येक काचेत असणाऱ्या. गॉगल काढला की काच कोरी. आनंद व्हायला हवा होता, पण मला भीतीच वाटली, कारण आता हे सांगायचं म्हणजे मी शनिवारी काय केलं तेही सांगायचं.

सोमवारी पावणेदहाला मी गेटवर जाऊन उभी राहिले. साहेबांची गाडी आली. ते गॉगल लावूनच उतरले, हातात कागद. मॅनेजर हात जोडून पुढे आले. मी त्यांच्या आधी पुढे झाले.

"साहेब, आधी तुमच्या गाडीची मागची काच बघा."

"काय?"

"बघा ना साहेब. मान तिरकी करून."

मॅनेजर माझ्यावर खेकसले. पण साहेब वळले. बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी गॉगल काढला, सुजलेल्या लाल डोळ्यांनी तीच काच बघितली, पुन्हा गॉगल लावला. नंतर आवारातल्या काचांपाशी जाऊन तेच केलं. हातातला कागद त्यांनी घडी करून खिशात घातला. मला सुटल्यासारखं वाटलं, पण ते परत माझ्यापाशी आले.

"गॉगलशिवाय काहीच दिसत नाही. मग शनिवारी तुम्हाला कसे दिसले?"

मॅनेजर आणि सुपरवायझर दोघांनाही एकदम आपले बूट दिसायला लागले. भाऊ शेडच्या दारात आले होते.

"दिसले नव्हते साहेब," मी म्हणाले. "सगळे म्हणाले म्हणून मी म्हणाले."

माल पास झाला. यादीत माझं नाव आलं नाही. ते पुढच्या वर्षी आलं, पण त्या उशिराचं मला फारसं दुःख नाही. चहाच्या सुट्टीत मी भाऊंपाशी गेले. मला वाटलं होतं, ते पाठीवर हात ठेवतील. निदान हसतील.

"तुला खरंच दिसलं न्हवतं?" त्यांनी विचारलं.

"न्हाई भाऊ."

"मला बी दिसलं न्हवतं. पर म्हनलं, आपलं वय झालं. लेकीला दिसतंय म्हंजी असंल." त्यांनी कपातला चहा हलवला. "काल दिसभर डोस्क्यात भट्टीच. कुटं चुकलो, कुटं चुकलो. माजीच चूक हुडकत बसलो हुतो बग."

मला रडू फुटलं. ते कप विसळायला निघून गेले.

दुसऱ्या दिवशी पाळी सुरू झाली. भाऊ पहिली काच घेऊन माझ्याच टेबलावर आले. "बघ गं लेकी," म्हणाले. मी काच उजेडात धरली, चारी काठ बघितले, टेबलावर दोनदा टकटक केली. मान वर केली तर भाऊ तिथेच उभे. त्यांनी माझ्या हातातून काच घेतली, चष्मा कपाळावर सरकवला, आणि ती स्वतः उजेडात धरून बघायला लागले.