रिपोर्ट चांगला आला तेव्हा

ऐंशी-पंच्याऐंशीच्या सुमारास नाशिकच्या कडेला आमची गुलाबाची शेती होती. आमचे हे पहाटे फुलं तोडून बाजारात न्यायचे आणि परत आले की भाकरी चहात बुडवून खायचे. आधी मला वाटलं, नवीन खूळ. मग घासागणिक पाणी लागायला लागलं, सदरे अंगात लोंबायला लागले. तेव्हा मी यांना धरून दवाखान्यात नेलं.

पांढरं औषध पाजून एक्स-रेचा फोटो काढला, त्यात अन्ननलिका मध्येच चिंचोळी दिसली. डॉक्टरांनी माझ्या धाकट्या दिरांना बाजूला घेऊन सांगितलं, कॅन्सर असू शकतो. भाऊजींनी मला सांगितलं आणि वर बजावलं, "वहिनी, दादाला कळता कामा नये." आमच्यात असंच. ज्याचं दुखणं त्यालाच पत्ता लागू द्यायचा नाही. मी गप्प बसले, पण मलाही जेवण जाईना.

नळी घालून आतला तुकडा काढला, तपासला. रिपोर्ट आला, नुसती सूज आहे, कॅन्सर नाही. नणंदेनं गल्लीभर पेढे वाटले. यांच्याही तोंडात एक कोंबला. हे हसले. सगळे पांगल्यावर मोरीत जाऊन थुंकून आले. मी बघत होते.

माझं डोकंच फिरलं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांसमोर जाऊन उभी राहिले. म्हटलं, "कागद चांगला आहे ना, मग माणसाला साधा पेढा का गिळता येत नाही?" भाऊजी म्हणाले, "वहिनी, जरा दमानं." डॉक्टर मात्र रागावले नाहीत. फोटो पुन्हा उजेडात धरून म्हणाले, वरचं अस्तर गुळगुळीत दिसतंय, गाठ त्याच्या खाली असणार, आपण वरवरचाच तुकडा घेतला. या खेपेला त्यांनी खोलवरून घेतला आणि मुंबईला पाठवला.

उत्तर आलं, लिम्फोमा. आम्ही हे नावच कधी ऐकलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, "कॅन्सरच आहे, पण वेगळ्या जातीचा. अन्ननलिकेत क्वचितच होतो, मीही पहिल्यांदाच बघतोय. कापाकापी नको. सलाइनमधून औषधं देऊ, पुष्कळदा गाठ विरघळते." भाऊजी त्यांना डोळ्यांनी खुणा करत होते, कारण हे शेजारीच बसले होते.

हे म्हणाले, "अरे, खुणा कशाला करतोस? मला केव्हाच कळलंय. इतके दिवस झाले, ही माझ्याशी एकदासुद्धा भांडली नाही."

औषधांनी केस गेले, उलट्यांनी जीव नकोसा झाला. मला रोज भीती वाटायची. पुढे एका दुपारी हे जेवायला बसले आणि भाकरी मोडून ठेच्याशी भराभर खायला लागले.

"हळू खा की! कुणी मागे लागलंय का?" मी ओरडले.

"वाढ अजून," हे म्हणाले.

मी वाढलं, आणि तिथंच बसून खूप रडले. हे जेवत राहिले.