पाटी नसलेलं दुकान

त्रेचाळिसाव्या वर्षी मी कायद्याच्या प्रवेश परीक्षेला बसायचं ठरवलं, तेव्हा भवानी पेठेतल्या माझ्या गिऱ्हाइकांनी एकच विचारलं, "मग ब्लाउज कोण शिवणार?" मीच शिवणार होते. सकाळी मशीन, दुपारी सराव पेपर. कॉलेजात जाणारी माझी लेक मोबाइलवर वेळ लावून समोर बसायची आणि माझं चुकलं की मास्तरणीसारखी भुवई उडवायची.

त्या दुपारी तर्काचा एक प्रश्न आला. पाटी असलेली सगळी दुकानं विश्वासाची असतात. या दुकानाला पाटी नाही. म्हणून हे दुकान विश्वासाचं नाही. निष्कर्ष बरोबर की चूक?

"चूक!" मी ओरडलेच. माझ्या दुकानाला वीस वर्षांत पाटी नाही, आणि शुक्रवार पेठेतल्या बायका पाटीवाली तीन दुकानं ओलांडून माझ्याकडे येतात. पेपर काढणाऱ्याला एकदा ब्लाउजचा गळा शिवून दाखवावा असं वाटलं.

"उत्तर बरोबर, कारण चूक," लेक म्हणाली. "आई, तुझं दुकान पेपरात नाहीये. लिहिलंय तेवढ्यावरून सांग."

राग आला, पण पोरीचं खरं होतं. पुन्हा वाचलं. पाटीवाल्या दुकानांबद्दल लिहिलं होतं, बिनपाटीच्यांबद्दल एक अक्षर नव्हतं. ती चांगली असतील, वाईटही असतील. पेपर गप्प होता. जो गप्प आहे त्याच्या तोंडी आपलं वाक्य घालायचं नाही, एवढंच. इतकं सोपं निघालं की मला हसू आलं.

तेवढ्यात माळशिरसहून दादाचा फोन आला. आमचे वडील, अण्णा, गेल्यापासून तो मागे लागला होता, शेतातला हिस्सा सोडल्याची सही कर म्हणून. थोरल्या बहिणीने केव्हाच केली होती. मी आज करते, उद्या करते म्हणत टाळत होते. मला हिस्सा हवा होता आणि माहेरही हवं होतं. दोन्ही एकदम मागायला मी घाबरत होते, खोटं कशाला बोलू.

"सही केलेल्या भैनींस्नी म्हायार आसतं बग," दादा म्हणाला. "थोरलीला हाय का न्हाय? तू सही केली न्हाईस. मग तुला कुटलं म्हायार?"

एरवी हे ऐकून मी 'उद्या करते' म्हणाले असते. त्या दिवशी मी पेन्सिल खाली ठेवली. हे तर मी आत्ताच सोडवलं होतं.

"दादा, सही केलेलीला म्हायार आसतं, मान्य. न केलेलीला नसतं, हे कुणी सांगितलं? अण्णा बोलले व्हते?"

"अण्णा कशाला बोलत्याल? पर रीत हाय की."

"रीत थोरलीची सांगितलीस. माजी अजून कुटं ठरलीय? मी सही करनार न्हाय. आनि पंचमीला येनार हाय."

माझा आवाज थरथरला नव्हता, याचा मला आजही अभिमान वाटतो. समोर लेकीने मोबाइलवरची वेळ थांबवली होती.

दादाने घसा खाकरला.

"कंच्या एस्टीनं येनार?" तो म्हणाला. "फाट्यावर थांबतो."